चार बोटं समुद्राकडे

ओळंबा जमिनीला टेकायच्या आत म्हातारीनं तो मुठीत धरला. वर गच्चीत ओणव्या झालेल्या शिवदासच्या बोटांतली दोरी एकदम सैल पडली. त्यानं त्या चौकोनी भोकात डोकं घालून खाली पाहिलं. बारा-चौदा फूट खाली, अंधाऱ्या खोलीत, नसीबा गादीवर बसली होती आणि ते पितळी वजन तळहातावर घेऊन बाजारात अंडं पारखावं तसं पारखत होती.

"अम्मा, छोड दो. नाप लेना है."

"किसका नाप? ऊपर तो कुछ है ही नहीं," ती म्हणाली आणि ओळंबा सोडला.

तिचं खरं होतं. वर काहीच नव्हतं. गच्चीच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा चौथरा, त्याच्या कडेनं तुटक्या दातांसारखे राहिलेले पोवळ्याचे दगड, आणि मधोमध हे भोक. इथे बादगीर होता. चारही अंगांनी उघडा, वारा धरून खालच्या खोलीत सोडणारा मनोरा. जानेवारीतल्या पावसानं दोन दिवस झोडपलं आणि तिसऱ्या सकाळी तो खाली बसला. त्याखाली माणूस कोणी सापडलं नाही, दोन कबुतरं तेवढी गेली. शिवदास टेप आणि वही घेऊन या गल्लीत पोचला तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात. यात त्याचा दोष नव्हता. पाहणीत गल्लीचा नंबरच उशिरा लागलेला. तरीही कोणाच्या तेराव्याला दोन महिने उशिरानं पोचल्यासारखं त्याला ओशाळं वाटत होतं.

तो खाली आला तेव्हा चहा आलेला होता. लहान काचेचा ग्लास, काळा चहा, तीन चमचे साखर. नसीबा सत्तरीची. तिचा नवरा मोत्यांचा व्यापारी होता आणि लग्नानंतरची अकरा वर्षं तिनं मुंबईत काढली होती, त्यामुळे तिची हिंदी मुंबईची आणि जीभही मुंबईची. शिवदासचं आडनाव मेस्त्री, म्हणून ती त्याला मिस्तरी म्हणायची. तो ड्राफ्ट्समन आहे, मिस्त्री नव्हे, हे त्यानं पहिल्या दिवशी सांगून पाहिलं आणि नाद सोडला.

ती उठून त्या भोकाखाली उभी राहिली. वरून उजेडाचा एक चौकोन तिच्या काळ्या अबायावर पडला. तिनं उजवा हात वर केला, पंजा उभा धरला, बोटं जुळवलेली.

"ऐसा था."

पंजा एका अंगाला कललेला होता. सांधे गेले असतील, शिवदासच्या मनात आलं. त्याच्या आईचाही हात शेवटी असाच झाला होता. त्यानं वहीत लिहून घेतलं: प्रत्येक बाजूला तीन कमानी, कबुतरं बसायला बाहेर आलेले चार लाकडी वासे, उंची सुमारे दीड पुरुष. लिहिलं खरं, पण कंसात 'ऐकीव' असंही लिहिलं.

"वो भी लिख दे कागज में," नसीबा म्हणाली.

तो समजला. त्यानं तिला समजावलं की अम्मा, जे उभं आहे तेच आम्ही काढतो, नाही ते काढता येत नाही, आमच्या साहेबीणबाईंची, फ्रेंच मादामची, सक्त ताकीद आहे. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग ग्लास खाली ठेवला.

"चालीस बरस मैंने देखा है उसको. दो महिने में 'नहीं' हो गया?"

शिवदासनं टेप गुंडाळायला घेतला आणि तो नेमका अडकला.

हे त्र्याऐंशी साल. आखातातल्या मनामाच्या जुन्या धक्क्याची, म्हणजे लोक ज्याला फरदा म्हणायचे त्याची, तोवर रयाच गेली होती. पूर्वी बोटी जिथे माणसं उतरवायच्या तिथे भर घालून गाड्या लावायचं मैदान केलेलं, आणि समुद्र अर्धा मैल मागे सरकलेला. आता धक्क्यामागच्या गल्ल्यांतून रुंद रस्ता जाणार होता. त्याआधी जुन्या घरांची पाहणी करून निवडक घरं राखायची, असं सरकारनं ठरवलं आणि त्यासाठी फ्रान्सहून मादाम आली. तीन अटी होत्या: भिंतीवर कोरीव जिप्समची नक्षी, जुनं सागवानी दार, आणि बादगीर. तिन्हींपैकी दोन असतील तर घर यादीत. यादीतलं घर पाडायचं नाही, उलट सरकारी खर्चानं ड्रॉइंगप्रमाणे दुरुस्त करायचं. नसीबाकडे नक्षी होती. दार थोरल्या मुलानं कधीच एका हॉटेलला विकलं होतं. राहता राहिला बादगीर, आणि तो राहिला नव्हता.

मुलांनी इसा टाउनला सरकारी घरं घेतली होती, तिथे आईसाठी खोलीही ठेवली होती. नसीबा तिकडे जायला तयार नव्हती. याच गादीवर जायचंय मला, वरून वारा येत असताना, असं तिनं शिवदासला दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं. जणू भाजीचा भाव सांगावा तसं.

शिवदास कुडाळकडचा. बाप सुतार, आजा सुतार. लहानपणी फळी कापताना कोन चुकला की बाप हातातला लोखंडी गुण्या पाठीत घालायचा. त्यामुळे काटकोन त्याच्या अंगात हाडासारखा बसला होता. पुढे आयटीआय झाला, मुंबईत सरकारी कचेरीत दहा वर्षं नकाशे काढले, तिथेही हेड ड्राफ्ट्समनचा एकच मंत्र: साइटवर काय वाट्टेल ते असो, कागदावर सगळं गुण्यात पाहिजे. इथे आल्यावर पहिल्याच घराचा नकाशा त्यानं असा काही देखणा काढला की बघत राहावं. मादामनं तो पाहिला, विचारलं, "त्या घराच्या भिंती अशा सरळ आहेत?" तो म्हणाला, नाहीत, मी सरळ करून घेतल्या. तिनं तो ट्रेसिंग पेपर उभा फाडला. रागानं नाही, पाकीट फोडावं तसा शांतपणे.

"घर जसं आहे तसं काढा," ती म्हणाली. "तुम्हाला हवं तसं नको."

शिवदास त्या दिवशी जेवला नाही. पण माणूस मानी, आणि मानी माणूस शिकतो. चार महिन्यांत तो इतका वाकडं काढायला शिकला की फुगलेली भिंत, खचलेला उंबरा, एका बाजूनं झिजलेली पायरी, काही म्हणून सुटेना. शिकवायला होता तो मादामचाच एक कागद.

हा कागद त्याच्या टेबलासमोर भिंतीवर लावलेला होता. सहा फूट लांब. मादामच्या गावातला, रेल्वे स्टेशनपासून निघणारा एक रस्ता, एका बाजूच्या अकरा घरांचे दर्शनी भाग हातानं काढलेले. गावाचं नाव लिहायचं मेत्झ आणि म्हणायचं मेस. आपल्या लोकांना मेस म्हटलं की डाळभात आठवतो, पण हे गाव रोमन लोकांच्या वेळचं निघालं. स्टेशन आणि त्याभोवतालचा सगळा भाग जर्मनांनी बांधलेला, गाव त्यांच्या ताब्यात असताना. किल्ल्यासारखं स्टेशन, घड्याळाचा उंच मनोरा, दगडी घरांना बुरूज नि नक्षीदार सज्जे. मादामचा बाप म्हणे स्टेशन नजरेला पडू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं जायचा. शत्रूनं बांधलेलं ते, पाडा, असं म्हणणारे पुष्कळ होते. "पण मी तिथेच जन्मले," मादाम एकदा म्हणाली होती, "मी काय करू?"

तिचं एक आवडतं म्हणणं होतं. गावात माणूस जिथे उतरतो तिथली घरं आधी पाडतात, कारण उतरणाऱ्याला गाव नवं दिसावं अशी सगळ्यांची धडपड असते. आमचं स्टेशन तसा तुमचा हा धक्का, असं ती म्हणायची. शिवदासला ते पटायचं. तो स्वतः विमानानं उतरला होता, पण विमानतळाच्या रस्त्यावरही त्याला जुनं असं काही दिसलं नव्हतं.

त्या अकरा घरांत तो चार महिने राहिलाच म्हणा ना. तिसऱ्या घराच्या सज्ज्याचा गज वाकलेला, सातव्याची पायरी डाव्या अंगाला झिजलेली, कारण लोक उतरून स्टेशनकडे डावीकडे वळत असणार. आणि कोपऱ्यावरचं अकरावं घर तर दोषांचं आगरच. लहानसं, दुमजली. उंबऱ्याला तडा, दाराशेजारी पाटी अडकवायचा रिकामा आकडा, वरची एक खिडकी नीट न लागलेली, आणि छपरावरची चिमणी एका बाजूला कललेली. बाकीची दहा घरं मादामनं मापून काढली होती, या घरावर तिचा हात रेंगाळला होता. ड्राफ्ट्समनला ते कळतं.

नसीबाच्या घराचा कागद मात्र पुरा होईना. खालचा मजला झाला, नक्षीचे तुकडे झाले, गच्चीची कड झाली, आणि त्या कोपऱ्यावर येऊन पेन थांबलं. चौथरा काढून 'पडलेला' असं लिहिलं की काम संपत होतं. पाच मिनिटांचं काम. ते तो आठ दिवस करत नव्हता.

रस्त्याच्या विभागातले गुरुप्रसाद साहेब पुण्याचे, सभ्य माणूस, पण घड्याळाचे गुलाम. त्यांच्या नकाशावर रस्त्याची रेघ लाल पेन्सिलीनं आखून तयार होती आणि ती नसीबाच्या खोलीतून, बरोबर गादीवरून जात होती. ते रोज सकाळी जिन्यात गाठायचे.

"मेस्त्री, गुरुवारी यादी जायचीय वरती. एक शीट अडकलंय तुमच्याकडे."

होईल साहेब, इंशाल्ला, असं शिवदास म्हणायचा. इथे आल्यापासून हा एक शब्द फार कामाला यायचा.

घरीही त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. घर म्हणजे बाजारामागची एक खोली आणि स्वयंपाकाचा कोनाडा. बायको रंभा तिथेच मशीन टाकून आपल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. हा माणूस जेवताना ताटावर बोटानं रेघा ओढतो, उठून खिडकीशी जातो, परत येतो, हे तिनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी मशीन थांबवली.

"काय झाला तुमका? आमटीत मीठ नाय घातलंय मी, तांव कळूक नाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. म्हातारी, बादगीर, अटी, मादामची ताकीद. रंभानं सुईत दोरा ओवत ऐकलं.

"काढलंय तर तां खोटां होतलां," तो शेवटी म्हणाला.

"आणि नाय काढलात तर तिचां घर जातलां," रंभा म्हणाली आणि तिनं पुन्हा मशीन चालू केली.

त्याला तिचा रागच आला. बायकांना काय, दोन वाक्यांत निकाल. पण त्या रागात जोर नव्हता, कारण तिनं काही चुकीचं म्हटलं नव्हतं.

मंगळवारी मादाम साइटवर होती. तिथून तिनं निरोप पाठवला की माझी मापांची वही टेबलावर राहिली आहे, घेऊन या. शिवदासनं वही उचलली आणि तिच्यातून एक पोस्टकार्ड खाली पडलं. खुणेसाठी ठेवलेलं असावं. तो ते परत आत घालणार, तेवढ्यात त्याला घड्याळाचा मनोरा दिसला. मेत्झचं स्टेशन! रंगीत फोटो, पुढचा चौक, आणि चौकातून निघणारा तोच रस्ता. त्याला एकदम ओळखीचं माणूस परगावी भेटल्यासारखा आनंद झाला. तो वाकलेला गज, ती झिजलेली पायरी या फोटोत दिसणार नव्हती, पण घरं तीच. त्यानं बोटानं मोजली. दहा.

पुन्हा मोजली. दहाच. कोपऱ्यावर, जिथे अकरावं घर हवं होतं, तिथे पिवळ्या छपराचा पेट्रोल पंप होता आणि एक निळी गाडी पेट्रोल भरत उभी होती.

फोटो अलीकडचा असेल, घर मागाहून पाडलं असेल, असं म्हणून त्यानं कार्ड उलटं केलं. टपालाचा शिक्का ठसठशीत होता: एकोणीसशे अडुसष्ट. तो भिंतीवरच्या कागदाशी गेला. खालच्या कोपऱ्यात मादामची सही आणि साल. शहात्तर. तो ते रोज बघत होता. म्हणजे तिनं हा रस्ता काढायला घेतला तेव्हा ते घर नसून निदान आठ वर्षं झाली होती. ती दहा घरं मापून आली आणि अकरावं तिनं मनातून काढलं, तड्यासकट, आकड्यासकट.

त्याला आधी संताप आला. माझा कागद फाडते! जसं आहे तसं काढा म्हणते! बाईनं पेट्रोल पंप काढायला हवा होता, पिवळ्या छपरासकट. तो खोलीत दोन फेऱ्या मारून आला. मग परत त्या कोपऱ्यापाशी उभा राहिला आणि न लागलेल्या खिडकीकडे बघत राहिला. त्याचा संताप कुठे गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्यानं कार्ड वहीत परत सरकवलं आणि वही साइटवर नेऊन मादामच्या हातात दिली.

बुधवारी सकाळी सातला तो ऑफिसात होता. कोणी यायच्या आत त्यानं नसीबाचा कागद टेबलावर ताणून बसवला, पेन झटकलं आणि बादगीर काढला. पट्टी लावून, त्रिकोणी गुण्या लावून, चारही कडा खणखणीत उभ्या. प्रत्येक बाजूला तीन कमानी, चार वासे, वरची कंगोऱ्याची पट्टी. दहापर्यंत झालं. इतका सुबक बादगीर अख्ख्या मनामात कधी झाला नसेल.

अकराला त्यानं तो मादामपुढे ठेवला आणि मागे हात बांधून उभा राहिला.

मादामनं भिंग घेतलं. नक्षी पाहिली, गच्चीची कड पाहिली, मग भिंग वर सरकलं आणि थांबलं. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. शिवदासच्या मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला, पण तो पुसायला हात पुढे येईना. नोकरी जाईल, हे त्यानं धरलेलंच होतं. म्हातारीचं घर जाऊ नये, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

"हा तुम्ही केव्हा मोजलात?" तिनं विचारलं.

त्याची नजर आपसूक भिंतीकडे गेली, त्या लांब कागदाच्या टोकाला, कोपऱ्यावरच्या घरावर. मादामनं त्याच्या नजरेमागे पाहिलं. मग तिनं टेबलावरची मापांची वही जवळ ओढली, कार्ड जिथे होतं तिथे बोट ठेवलं, आणि चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती एकदम वयस्क दिसली.

"हा खोटा आहे," ती म्हणाली. "कोणीही सांगेल. सगळं घर वाकडं, आणि हा एकटा शिपायासारखा सरळ. इतकी वर्षं उभं राहिलेलं काही इतकं सरळ नसतं. कुठे झुकला होता?"

त्याला क्षणभर प्रश्नच कळला नाही. झुकला होता की नाही हेच त्याला ठाऊक नव्हतं. वहीत नव्हतं. ऐकीवातही नव्हतं. नसीबानं कमानी सांगितल्या, वासे सांगितले, कबुतरं सांगितली, पण झुकल्याचं तिनं... आणि त्याला ती भोकाखाली उभी दिसली. उजेडाच्या चौकोनात वर धरलेला हात. ग्लास उचलताना, ओळंबा धरताना, साखर ढवळताना तो हात चांगला सरळ चालत होता. सांधे कुठले जायला? तिच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. पंजा बादगीरासारखा कलला होता, धक्क्याच्या अंगाला.

"समुद्राकडे," तो म्हणाला.

"किती?"

त्यानं आपला पंजा पुढे केला, बोटं जुळवून, तिनं धरला होता तसा. मग बापाच्या मापात सांगितलं, "चार बोटं."

मादामनं खणातून ब्लेड काढून त्याच्या हातात दिलं.

त्यानं शाई खरवडली. ट्रेसिंग पेपर फाटू नये म्हणून श्वास धरून, एक एक कड. मग पट्टी बाजूला सारली, गुण्या बाजूला सारला आणि उघड्या हातानं रेघ ओढली, खालून वर, समुद्राकडे कलत जाणारी. बापानं पाहिलं असतं तर पाठ सोलली असती. दुसरी रेघ सोपी गेली, तिसरी त्याहून. कमानी आपोआप तिरक्या झाल्या. वासे थोडे लोंबले. तो मागे सरून बघू लागला आणि त्याला वाटलं, आता बादगीर पडेल की काय. तेव्हा त्याला समजलं की आता तो उभा आहे.

"पाऊस केव्हा पडला?" मादामनं विचारलं.

जानेवारीच्या बारा-तेरा तारखेला, त्यानं सांगितलं. मादामनं पेन घेतलं आणि पाहणीच्या तारखेपुढे डिसेंबर ब्याऐंशी लिहिलं, खाली सही केली. सहीनंतर ती उठून भिंतीवरच्या कागदाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

"आमची चिमणी स्टेशनच्या बाजूला झुकलेली होती," ती म्हणाली. "गाडी आली की हलायची."

शिवदासनं ब्लेड पुसून खणात ठेवलं.

गुरुवारी दुपारी गुरुप्रसाद साहेबांनी जिन्यातच त्याला थांबवलं. यादीत सतरा घरं बसली होती. सतराव्यापाशी आपली लाल रेघ नऊ मीटर वळवावी लागली म्हणून साहेबांचा चेहरा उतरला होता. "अहो, तो बादगीर तर पडलाय ना आता?" त्यांनी विचारलं. पाहणीच्या वेळी होता साहेब, शिवदास म्हणाला, तारीख आहे बघा खाली. साहेबांनी तारीख पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि तारीख असल्यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. ड्रॉइंगप्रमाणे तो पुन्हा बांधून घ्यायचं काम उन्हाळ्यानंतर निघेल, असं ते म्हणाले.

अमोनियाच्या यंत्रातून काढलेली, वास अजून न गेलेली नकाशाची एक प्रिंट गुंडाळून शिवदास तसाच धक्क्यामागच्या गल्लीत गेला. नसीबा गादीवर होती. त्यानं बातमी सांगितली. ती ऐकून तिनं आधी चहा मागवला, मग देवाचं नाव घेतलं, मग अबायाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि मग म्हणाली, दाखव.

त्यानं कागद तिच्यापुढे पसरला. तिला तो उमजेना. तिनं इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"समुंदर किधर है इसमें?"

त्यानं बोटानं दाखवलं. तिनं कागद गादीवरच गरकन फिरवला, त्यातला समुद्र खऱ्या समुद्राच्या बाजूला येईपर्यंत. त्या बाजूला आता भिंतीपलीकडे गाड्या लावायचं मैदान होतं, पण ते तिच्या गावीही नव्हतं. मग ती वाकली आणि तिला बादगीर दिसला. तिनं त्यावर आपला पंजा ठेवला, बोटं जुळवून. पंजा आपोआप कलला. खालच्या रेघा त्याच्या कडेला लागून वर गेल्या होत्या.

मग तिनं मान वर करून शिवदासकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत आनंदापेक्षा संशय जास्त होता.

"ये टेढा तुझे किसने बताया?"

"आपने, अम्मा."

"झूठ. मैंने नहीं बताया." ती ठामपणे म्हणाली. "मेरी सास ने कसम दी थी. सब बोलना, ये मत बोलना. मिस्तरी लोग सुनते हैं तो सीधा कर देते हैं. फिर हवा नहीं आती."

चहा आला होता. शिवदासचं बोट कालच्या शाईनं अजून काळं होतं. ते त्यानं पँटला पुसलं आणि ग्लास उचलला.